सिराक्यूजच्या भिंतीवर दोर कुणी ओढला?

ताई, तुझ्यासाठी रडायला बसलं की आधी राग येतो आणि रडणं मागे राहतं.

तू गेल्यावर आपल्या चुलतभावाने पेपरात छापून आणलं, 'शांत, मनमिळाऊ स्वभावाच्या शकुंतलाताई.' मी पेपर धरून नुसती बसून राहिले. शांत? तू? सावनेरच्या बसस्टँडवर रांग मोडून पुढे घुसलेल्या फौजदाराला सगळ्यांदेखत मागे नेऊन उभं करणारी तू? लग्नाच्या पंगतीत, "सुनेले काहून उभं ठेवलं, तिले भूक नाही लागत का?" असं विचारून वाढणाऱ्यांचे हात थांबवणारी तू? तुझं जीव लावणंसुद्धा भांडणासारखं असायचं. मला ताप आला की तू आधी बोलणी द्यायचीस, मग कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायचीस.

घरी पुण्यानुमोदनाला भंतेजी आले. सगळं अनित्य आहे, म्हणाले. मी हात जोडून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, भंतेजी, माणूस नाशवंत असणं वेगळं आणि नवतप्याच्या, त्या मे अखेरच्या नऊ जळत्या दिवसांतल्या, दुपारी एका बाईला पत्र्याच्या व्हरांड्यात बसवून ठेवणं वेगळं. ते मी मोठ्याने बोलले नाही. तू असतीस तर बोलली असतीस.

म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. तुला माहीतच आहे. पण तू गेल्यापासून लोक तुझी गोष्ट आपापल्या सोयीने सांगायला लागलेत, आणि सोयीने सांगितलेली गोष्ट तुला कधीच खपली नाही.

सावनेरच्या शाळेत तू आठवीत असताना गुरुजींनी आर्किमिडीजची न्हाणीघरातली गोष्ट सांगितली होती. तो पाण्यात बसला, पाणी सांडलं, त्याला शोध लागला, तो तसाच रस्त्यावर धावला. सगळा वर्ग हसला. तू विचारलंस, "मग पुढं त्याचं काय झालं?" गुरुजी म्हणाले, "काय होणार? मोठा शास्त्रज्ञ झाला." तुझं समाधान झालं नाही. नागपूरला कॉलेजात गेल्यावर तिथल्या ग्रंथालयात तुला ती पुढची गोष्ट सापडली, आणि त्या शनिवारी तू एसटीने घरी आलीस ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात.

"मंदे, त्याले मारलं वं!"

आईने तवा खाली उतरवला. "कोणाले मारलं? कोणत्या गल्लीतला?"

"आपल्या गल्लीतला नाही, आई. सिराक्यूजचा."

मग चुलीपाशी बसून तू सांगितलंस. समुद्राकाठचं ग्रीक शहर. रोमन फौज जमिनीवरून चालून आली आणि त्यांचं आरमार समुद्रातून. दोन-दोन जहाजं एकमेकांना बांधून त्यांनी वर भल्या मोठ्या शिड्या उभारल्या होत्या. त्या भिंतीला टेकवायच्या आणि चढायचं. थोड्या दिवसांचं काम, असं त्यांना वाटलं. पण आर्किमिडीजने आत काय काय बांधून ठेवलं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. लांबच्या जहाजांवर मोठ्या यंत्रांतून दगड पडले. ते दगड चुकवून जवळ आलेल्यांवर लहान यंत्रांतून पडले. अगदी भिंतीखाली शिरलेल्यांवर भिंतीतल्याच भोकांतून बाण सुटले. मग वरून लांब तुळया बाहेर निघाल्या. काहींनी शिड्यांवर वजनं टाकून त्या मोडल्या. काहींच्या टोकाला साखळी आणि लोखंडी पंजा होता. पंजाने जहाजाचं नाक पकडलं, वर उचललं, जहाज शेपटीवर उभं झालं, आणि मग एकदम सोडून दिलं. शेवटी तर भिंतीवरून नुसता दोराचा तुकडा डोकावला तरी रोमन शिपाई ओरडत पळत सुटायचे. हे सांगताना तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

मग तुझा चेहरा बदलला. हल्ला जमेना म्हणून रोमनांनी वेढा घालून वाट पाहिली. एकदा वाटाघाटीसाठी भिंतीजवळ आले असताना त्यांच्यातल्या एकाने गुपचूप भिंतीचे थर मोजून उंची काढली. पुढे शहरात देवीचा सण आला. धान्य कमी होतं म्हणून दारू सढळ हाताने वाटली गेली. पहारेकरी पिऊन झोपले आणि शिड्या लागल्या. उरलेल्या भागाचा दरवाजा आतल्याच एका भाडोत्री सरदाराने उघडला. रोमन सेनापती उंचावर उभा राहिला, खालचं शहर बघून रडला म्हणतात, आणि मग त्याच शहराची लूट होऊ दिली. त्या लुटीत कुण्या शिपायाने आर्किमिडीजला तलवारीने मारलं.

"अन् पुस्तकात काय लिवलं माहीत आहे?" तुझा आवाज चढला. "तो म्हणे वर्तुळं काढत बसला होता, त्याले भानच नव्हतं. ज्या माणसानं अख्खी फौज थोपवून धरली, त्याचं याइले फक्त येडेपण आठवते! एकदा आंघोळीतलं, एकदा मरतानाचं."

आई सगळं ऐकत होती. भाकरी उलटत तिने विचारलं, "मंग बाकीच्या लोकाइचं काय झालं? लूट म्हटली म्हणजे बाया-पोरं आलीच ना."

तेवढं पुस्तकात नव्हतं. मला वाटतं, तू इतिहासाची शिक्षिका झालीस ती त्या भाकरीपाशी. पुढे तीस वर्षं तू ज्या ज्या वर्गात सिराक्यूज शिकवलंस तिथे बाकीच्या लोकांबद्दलचा आईचा प्रश्न विचारलास. धड्यात दोन ओळी असोत नसोत, तू शिकवायचीसच. आर्किमिडीज म्हातारा होता, तुळई त्याने एकट्याने उचलली नाही. दोर ओढणारे कोण होते? दगड भिंतीवर कुणी वाहून नेले? त्यांची नावं काहून नाहीत?

मी कोराडीच्या वीजकेंद्रात यंत्रांच्या देखभालीला लागले आणि आपलं भांडण सुरू झालं. वजन उचलणाऱ्या क्रेन हेच माझं रोजचं काम. मी म्हणायचे, "ताई, पंजाची गोष्ट अर्धी फेकलेली असेल. माणसाच्या ताकदीनं जहाज उचलल्या जात नाही."

"तुम्ही एवढाले लोखंडाचे रोटर उचलता ना?"

"त्याले मोटर असते."

"म्हणजे मोटर नव्हती तवा माणसं बसून होती का?"

मग एका रविवारी मी कागद घेऊन बसले. अख्खं जहाज उचलायची गरजच नाही; फक्त नाक उचलायचं, आणि तुळईच्या दुसऱ्या टोकाला भरपूर वजन बांधायचं. मग थोड्या माणसांनी दोर ओढला तरी जमतं. तुला फोन केला तर तू म्हणालीस, "पाहिलं? मी बरोबर होती."

"तू नाही. आर्किमिडीज बरोबर होता."

"त्यानं दोर ओढला का?"

तू फोन ठेवून दिलास. जिंकल्यावर तू नेहमी फोन ठेवायचीस.

नागपूरलगतच्या वाडीची तुझी शाळा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती मला शाळा वाटलीच नाही. अमरावती रोडपासून आत, चहूबाजूंनी गोदामं, रस्ताभर ट्रक, आणि मधे एक मैदान, कडुनिंबाची झाडं आणि मागच्या बाजूला जुना सिमेंटचा हौद. पोरं सगळी ड्रायव्हरांची, हमालांची, भाड्याच्या एका-एका खोलीत राहणारी. तू म्हणायचीस, यांच्या आयुष्यात मोकळी जागा एवढीच एक आहे.

गेल्या वर्षी त्या हौदाला तू समुद्र केलंस. नववीच्या पोरींनी काठावर विटांची भिंत रचली. बांबूची तुळई, एका टोकाला वाळूचं पोतं, दुसऱ्या टोकाला विहिरीत पडलेली बादली काढायचा गळ. पत्र्याची होडी, तिच्यात खडे भरलेले. मला कोराडीहून बोलावून घेतलंस, तुळई कुठे टेकवायची ते विचारायला. मी जागा दाखवली आणि तू माझ्याच देखत पोरींना म्हणालीस, "मॅडमनं सांगितलं म्हणून ऐकू नका. दोन जागी टेकवून पाहा, कुठं हलकं जाते ते पाहा." मी चिडले. पोरींनी दोन्हीकडे टेकवून पाहिलं.

प्रदर्शनाच्या दिवशी अख्खी गल्ली आली होती. गळ होडीच्या नाकात अडकला, पोरींनी दोर ओढला, होडी उभी झाली, खडे मागे घसरले, पाणी आत शिरलं आणि होडी तळाला गेली. काय ओरडली ती पोरं! ट्रकच्या टपावर बसलेली माणसंसुद्धा टाळ्या वाजवत होती. तू विचारलंस, "सांगा, तिथं दोर कोणी ओढला असंल?" तुझ्या वर्गातली पायल, दोर ओढून हात लाल झालेली, म्हणाली, "ज्याइचं घर भिंतीच्या आत होतं त्याइनं, मॅडम." तू माझ्याकडे पाहिलंस. इतक्या वर्षांनी कुणीतरी उत्तर दिलं होतं.

संस्थेचे सचिवही आले होते. "व्वा मॅडम, व्वा," करत होते. नंतर तू मला म्हणालीस, "तो होडी नाही पाहून राहिला होता. मैदान कुठवर आहे ते पाहून राहिला होता."

दिवाळीनंतर कळलं. शेजारच्या ट्रान्सपोर्टवाल्याला ट्रक उभे करायला जागा हवी होती आणि संस्था मैदान त्याला देणार होती. शाळेला म्हणे नवी इमारत मिळेल. पोरांनी खेळायचं कुठे, तर गच्चीवर. तू सभेत उठून विचारलंस की गच्चीवर कबड्डी खेळायची असेल तर पहिला डाव सचिवांनी खेळून दाखवावा.

मग जेसीबी आला. तू काय केलंस, तर घंटा वाजवायला लावून सगळे वर्ग मैदानात आणून बसवले. पहिलीपासून दहावीपर्यंत, कडुनिंबाखाली, हौदाभोवती, मधोमध. बाकीचे शिक्षक भीत भीत आले, पण आले. ड्रायव्हर जेसीबी बंद करून उतरला, थोडा वेळ पाढे ऐकत उभा राहिला आणि परत गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. त्या हिवाळ्यात जेसीबीचा नुसता आवाज आला की पोरं आपणहून दप्तरं घेऊन बाहेर धावायची. तुला मेमो मिळाला. तू तो स्टाफरूमच्या फळ्यावर लावलास, सगळ्यांना वाचता यावा म्हणून.

मला अभिमान वाटत होता, ताई, आणि भीतीही. मी म्हटलं, "निवृत्तीले थोडंच राहिलं आहे तुझ्या. झेपते का हे?" तू म्हणालीस, "भिंत पडली तर भिंतीमुळं पडत नाही वं. आतून पडते. म्हणून आतल्या लोकाइजवळ बसावं लागते." तू रोज संध्याकाळी एकेका खोलीत जाऊन बसायचीस, चहा प्यायचीस.

तरी ती आतूनच पडली. पालकांची संमती लागत होती आणि पालक-प्रतिनिधी होती रेखा, पायलची आई. रेखाचा नवरा त्याच ट्रान्सपोर्टला गाडी चालवतो, आणि त्यांची खोली त्याच मालकाची. रेखाने सही दिली.

मला कळलं तेव्हा फोनवर मी तिचा उद्धार केला. मी म्हटलं, "तुझ्या त्या भाडोत्री सरदारासारखीच निघाली." तू एकदम थंड आवाजात म्हणालीस, "तो सरदार होता, मंदे. तलवार होती त्याच्या हातात. रेखाच्या हातात काय आहे? ज्यानं तिले घराकडून अन् नवऱ्याच्या कामाकडून दोन्हीकडून आवळलं, त्याले शिव्या दे."

"दार तिनंच उघडलं ना?"

"उघडलं. पण दाराशी तिले एकटीले कोणी उभं ठेवलं?"

मी म्हटलं, तू सगळ्यांना माफ करत सुटलीस. तू म्हणालीस, "माफ कुठं करून राहिली? कोणावर रागवायचं ते निवडून राहिली." या वेळी फोन मी ठेवला. हे भांडण पुन्हा करू, तुला तोंडावर सांगू, असं मनात होतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली, पोरं गावोगावी गेली. वर्ग भरवायला पोरंच नसताना जेसीबी आला आणि हौद फोडला, झाडं पाडली, मैदान सपाट केलं. तुला कळलं तेव्हा तू तिथे गेलीस. विटांचा ढीग बाजूला पडला होता, एवढंच मला फोनवर सांगितलंस.

मग तू तक्रार लिहिलीस, शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिलीस आणि तिचं काय झालं ते विचारायला जात राहिलीस. शेवटच्या वेळी गेलीस तेव्हा नवतपा लागला होता. मी फोन करून ओरडले, डोक्याला दुपट्टा बांध, पर्समध्ये कांदा ठेव, पाण्याची बाटली घे. तू म्हणालीस, "हो वं माय." साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून तुला व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं. वर पत्रा, समोर तापलेलं डांबर. तू दुपारभर बसलीस. आत कूलर चालू होता, त्याचा आवाज तुला येत होता, हे तूच मला घरी आल्यावर फोनवर सांगितलंस. साहेब मागच्या दाराने निघून गेले होते. तुला कुणी सांगितलंसुद्धा नाही. शिपाई कुलूप लावायला आला तेव्हा तुला कळलं.

घरी आलीस, डोकं फार दुखतं म्हणालीस. मी कोराडीहून पोचले तोवर तू असंबद्ध बोलायला लागली होतीस. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळं केलं. तू शुद्धीवर आलीच नाहीस. लोक म्हणतात, ऊन लागलं. होय, ऊन लागलं. पण उन्हात तू आपल्या हौसेने बसली नव्हतीस.

शाळा उघडल्यावर त्यांनी शोकसभा ठेवली. तुझा फोटो, हार, उदबत्ती. खिडकीतून मैदानात उभे ट्रक दिसत होते. सचिव बोलायला उभे राहिले आणि खरंच रडले. रुमाल काढून डोळे पुसले. मला ते ढोंग वाटलं नाही, आणि म्हणूनच अंगाचा तिळपापड झाला. तुझ्या वर्गात एकदा एका पोराने विचारलं होतं ना, "मॅडम, तो सेनापती रडला तर लूट थांबवली काहून नाही?" आणि तू म्हणाली होतीस, "हा प्रश्न परीक्षेत कधीच येत नाही." मला तेव्हाचा तुझा चेहरा आठवला.

डोळे पुसून सचिव म्हणाले, "शकुंतला मॅडम आमच्या शाळेच्या आर्किमिडीज होत्या. आपल्या कामात इतक्या रमायच्या की जगाचं भान राहायचं नाही. त्यातच त्या गेल्या. नव्या इमारतीच्या प्रवेशद्वाराला आम्ही त्यांचं नाव देणार आहोत."

ताई, मला माईकवर बोलायला येत नाही. आयुष्यभर यंत्रांच्या आवाजात राहिलेली बाई मी. पण उठले. म्हटलं, "माझ्या बहिणीचं नाव त्या गेटाले द्यायचं नाही. ज्या गेटातून ट्रक आत आले त्याले तर नाहीच."

सचिव मधेच म्हणाले, "ताई, भावना समजू शकतो, आपण नंतर..."

"नंतर नाही. तिले भान नव्हतं म्हणता? तुम्ही मैदान मोजत होते तवा ते फक्त तिच्या लक्षात आलं होतं. भान होतं म्हणून ती त्या व्हरांड्यात बसली. भान होतं म्हणून मेली. तुम्ही रडा, पण खोटं बोलू नका."

कुणीतरी माईक बंद केला. माझा आवाज माईकशिवायही पोचतो, हे त्यांना माहीत नव्हतं. "ट्रक काढा, मंग हार घाला," असं म्हणून मी निघाले. मागे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शिक्षक माना खाली घालून बसले होते. मुलं माझ्याकडे बघत होती.

वाडीच्या बसथांब्यावर रेखा माझ्या मागून धावत आली. मी ओळख दाखवली नाही. ती म्हणाली, "ताई, सही मीच केली होती."

"माहीत आहे मले."

"त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या होत्या. मले वाटलं, आता माहं काही खरं नाही. पण बसल्या, चहा घेतला. म्हणे, 'रेखा, तुले एकटीले त्याइच्यासमोर बसवलं, ही माही चूक झाली. मी संगं यायले पायजे होतं.' अन् म्हणे, 'पायलचं नाव शाळेतून काढू नको.' ताई, त्याइनं मले एक वाकडा शब्द बोलला असता तर बरं झालं असतं जी."

मला तिच्या पाठीवर हात ठेवता आला नाही. तू ठेवला असतास. मी फक्त सांगितलं की तुझी तक्रार अजून तिथे पडून आहे आणि मी जाणार आहे. वारही सांगितला. बस आली आणि मी चढले.

कार्यालयात मी एकटी पोचले. टेबलावरच्या बाबूने कागद उलटेपालटे केले आणि मान हलवली. "मॅडम, हे तर बंद होणार. अर्जदार मयत आहे ना."

"मयत काहून झाली ते माहीत आहे का तुम्हाले? इथंच बसून होती ती, त्या बाकावर."

तो बाकाकडे न बघता म्हणाला, "ते मले नाही माहीत. नियम सांगून राहिलो. नातेवाइकाले चालवता येत नाही. शाळेतल्या मुलाचे पालक पाहिजे."

मला पोर नाही. त्या क्षणी इतकं अपमानित मला कधीच वाटलं नव्हतं. तुला मारून झालं आणि आता तू मेलीस हेच तुझ्याविरुद्ध कारण म्हणून वापरणार! मी काहीतरी मोठ्याने बोलणार होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पालक मी आहो. पायलची आई. माहं नाव मांडा."

रेखा दारात उभी होती, पदर कमरेला खोचलेला, घामाने निथळत. बाबूने कागद पुन्हा पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "बाई, संमतीवर तर तुमचीच सही आहे. तुम्हीच दिलं अन् तुम्हीच तक्रार करता?"

"हो जी. तवा मले भेव वाटे."

"अन् आता नाही वाटत?"

"वाटते. पण मांडा."

त्याने नाव लिहिलं. साहेब आत आहेत, काम चालू आहे, तुम्ही बाहेर बाकावर बसा, म्हणाला. रेखा म्हणाली, "बसत नाही आम्ही. इथंच उभं राहतो, दारात. साहेबाले दिसलो पायजे."

आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. लोक अंग चोरून आमच्या बाजूने जात-येत होते. उभ्या उभ्या तिने सांगितलं की ती शोकसभेनंतर माझ्याशी बोलली हे मालकाला कळलं, आणि खोली खाली करायला सांगितली आहे. दवलामेटीकडे दुसरी बघून राहिले आहेत. नवऱ्याची गाडी अजून आहे, पण किती दिवस कोण जाणे. "पायल म्हणे, आई तू जाय," ती म्हणाली.

ताई, आपलं ते भांडण मी अजून हरलेले नाही. मी अजूनही म्हणते, दार तिने उघडलं होतं. ते मी तिला कधी ना कधी सांगणार आहे. तुझ्याएवढं मोठं मन मला नाही आणि तुझ्यासारखा राग निवडता येत नाही; मला सगळ्यांचाच येतो. सचिवांचा, त्या साहेबांचा, ट्रान्सपोर्टवाल्याचा, हार घालणाऱ्यांचा, आणि तुझाही, की तू तिथून उठून घरी का नाही आलीस. पण तिच्या खांद्याला खांदा लावून त्या दारात उभी असताना मला पहिल्यांदा तुझ्यासाठी रडू आलं. फार आलं. मी तोंड फिरवलं नाही.

बऱ्याच वेळाने साहेबांनी मान वर केली. दार अडलेलं होतं, त्यांना आम्हाला पाहणं भागच होतं. त्यांनी आत बोलावलं.

"काय आहे? कोण तुम्ही?"

मी म्हटलं, "साहेब, मी मयत अर्जदाराची लहान बहीण..."

रेखाने माझा हात धरून मला थांबवलं.

"मयत-बियत काही नाही जी, साहेब," ती म्हणाली. "अर्जदार आम्ही आहो."